वडिलांचा रकाना

बिश्केक, ११ जुलै २००८

चि. जिबेक हिस अनेक आशीर्वाद.

एक गंभीर तक्रार नोंदवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे, क्षेमकुशल शेवटी. गेल्या महिन्यात व्हिसाच्या मुलाखतीसाठी तू आमच्याकडे आठ दिवस राहिलीस आणि जाताना आमच्या विभागाचा स्टेपलर घेऊन आईकडे उन्हाळी कुरणावर गेलीस. हा स्टेपलर सामान्य नव्हे. सोव्हिएत संघ गेला, तीन कुलगुरू गेले, संस्कृत शिकायला येणारे विद्यार्थी गेले (यंदा दोन उरलेत, त्यातला एक चुकून आलाय), पण हा टिकून होता. सध्या विभागाचा कारभार टाचण्यांवर चालतो आणि काल त्यातली एक माझ्या अंगठ्यात शिरली. दैवाची थट्टा अशी की ज्या कागदांसाठी तू हे अपहरण केलंस, त्यांच्याबद्दल दूतावासाच्या सूचनांत सातव्या क्रमांकावर स्वच्छ लिहिलंय: कागदांना पिना मारू नयेत. म्हणजे पाप झालं आणि फळही नाही.

असो. मुलाखतीहून तू आलीस ती गप्पच. वहिनीनं विचारलं, तर ‘झाली’ म्हणालीस आणि खोलीत गेलीस. काय विचारलं, काय सांगितलंस, सगळं सविस्तर लिही. मिर्झाकुल दर आठवड्याला घोडीच्या आंबवलेल्या दुधाचे, कुमीसचे कॅन घेऊन शहरात येतो, त्याच्या हाती पत्र दे. फोन नको. तुमच्याकडे ज्या एकमेव खडकावर चढल्यावर फोन लागतो, तिथे खाली पाच जण रांगेत असतात. तू माझ्याशी बोललेलं आईच्या तंबूत तुझ्याआधी पोचतं.

अर्जाची प्रत माझ्यासमोर आहे. वडील: बाबांचं नाव, पुढे ‘मृत, २००१’. आई: आईचं नाव. भाऊ आणि हमीदार: मी. सगळं जिथल्या तिथे. द्रेस्डेनच्या विद्यापीठानं जागा दिली, शिष्यवृत्ती दिली. सहा ऑक्टोबरला वर्गात हजर हवं, आणि ही जागा पुढच्या वर्षासाठी राखून ठेवत नाहीत. आता मध्ये उभा आहे तो फक्त एक शिक्का.

आईचा खोकला कसा आहे?

तुझा दादा,
मेदेरबेक

*

सोन-कुल, १७ जुलै

ती. दादांना सा. न.

स्टेपलर सुखरूप आहे. आई दह्याचे खारट गोळे वाळवते ना, त्या कुरुतच्या पिशव्यांची तोंडं त्यानं बंद करते. मी म्हटलं, विद्यापीठाचा आहे, परत द्यायचाय. तर म्हणाली, “विद्यापीठात कुरुत कुठे असतो? त्यांना काय करायचाय?” तेव्हा आशा सोडा.

मुलाखत. समोरच्या बाई सभ्य होत्या, चष्म्याच्या वरून बघणाऱ्या. त्यांनी आईची जन्मतारीख वाचली, मग माझी, मग पुन्हा आईची.

“तुमच्या जन्माच्या वेळी आई चौपन्न वर्षांच्या होत्या?”

मी म्हटलं, “हो. आमच्याकडची हवा चांगली आहे.”

त्या हसल्या नाहीत. शेजारच्या टेबलावर आपल्यातला एक जण शिक्के मारत होता, तो मात्र हसला आणि लगेच कागदांत तोंड घातलं. मग बाईंनी विचारलं, शिक्षण झाल्यावर परत कशावरून याल? मी म्हटलं, आई इथे आहे. त्यांनी ते लिहून घेतलं. बास, एवढंच. मी गप्प होते कारण चौपन्नचं उत्तर मला स्वतःलाच आवडलं नव्हतं.

आई रोज विचारते, जर्मनीत पाण्याबद्दल असं काय शिकवतात? “पाणी उतारानं खाली येतं. हे सांगायला दोन वर्षं?” मग शेजारणीला मोठ्या आवाजात सांगते, “आमची जिबेक पाण्याची डॉक्टर होणार.” मी दिसले की विषय बदलते.

खोकला आहे. दर उन्हाळ्यात असतो तसाच.

तुमच्याकडच्या प्रतीत अर्जासोबत दिलेला माझा निबंधही आहे का? नसेल तर शोधू नका. चुका आहेत त्यात.

तुमची,
जिबेक

*

बिश्केक, २६ जुलै

चि. जिबेक,

आज टाचण्यांबद्दल काही लिहीत नाही, यावरूनच ओळख. दूतावासाचं पत्र आलंय.

दोन मुद्दे आहेत. पहिला, आईचं वय. दुसरा वाचून मी चष्मा पुसला. दोष काचेचा नव्हता. तुझ्या निबंधातली दोन वाक्यं त्यांनी उतरवून घेतली आहेत: ‘माझे वडील बिश्केकमध्ये जुन्या भाषा शिकवतात. मी लहान असताना एकदा त्यांनी मला आमच्या नदीची पाच भाषांतली नावं सांगितली, तेव्हापासून मला पाण्याबद्दल शिकायचं आहे.’ आणि खाली विचारलंय की अर्जानुसार वडील २००१ साली वारले, ते २००८ साली शिकवतात कसे? प्रश्न रास्त आहे. बाबा काटक होते, पण इतके नव्हते.

दोन्हींचा लेखी खुलासा हवा, आणि सोबत अर्जात आई म्हणून जिचं नाव आहे त्या बाईचा नोटरीसमोर सही केलेला जबाब. मुदत अठरा ऑगस्ट. नाही दिला तर अर्ज बाद.

हा घोळ आपले कागद जर्मनमध्ये करून देणाऱ्या भाषांतरकाराचा, दुसऱ्या कोणाचा असणार? ‘मोठा भाऊ’ खाऊन त्यानं ‘वडील’ ओकले. मी त्याला फोनवर चांगला झापला. तर म्हणतो, निबंध माझ्याकडे आलाच नव्हता. बेरड माणूस. आपण सरळ लिहू की भाषांतरात चूक झाली. वयाचं काय, असतात अशा आया. आईच्या जबाबात एकच ओळ पुरे: ही माझी मुलगी. तू फक्त हो कळव.

आईला यातलं अक्षर कळता कामा नये.

दादा

*

सोन-कुल, ३१ जुलै

ती. दादांना सा. न.

त्या भाषांतरकाराची माफी मागा. निबंध त्यानं पाहिलेलाही नाही. मी तो जर्मनमध्येच लिहिला होता.

पहिल्यांदा ‘माझा मोठा भाऊ’ असंच लिहिलं होतं. वाचून बघितलं तर वाक्य खोटं वाटलं. मग खोडलं. जर्मनमध्ये लिहिताना जवळपास आपलं कोणी नव्हतं: आई नाही, शेजारीण नाही, तुम्ही नाही. मी दार लावून गाणं म्हणतात तसं ते लिहिलं. कागद दूतावासात जाईल, तिथून द्रेस्डेनला जाईल, फाइलीत पडेल, असं वाटलं. तो मागे फिरून तुमच्याच टेबलावर येईल हे डोक्यात आलं नाही.

दादा, मला हे पाचव्या वर्षापासून माहीत आहे. सगळ्या कुरणाला माहीत आहे. पहिलं मूल म्हाताऱ्यांचं, हे काय आपल्याच घरात झालंय? मला कोणी काही लपवलं असं वाटत नाही, आणि आई ती माझी आईच. पण तुम्हाला एक आठवण सांगते. मी सात वर्षांची होते. तुम्ही सुट्टीला आला होतात. मी शिंगरावरून पडले आणि कपाळ फुटलं. सगळे उठले. वहिनी उठली आणि परत बसली. तुम्ही एकटेच वाटीत बघत बसून राहिलात, कारण बाबा समोर होते आणि बापासमोर आपल्या पोराचे लाड करायचे नसतात. बाबांनीच मला उचललं. नंतर घोडे बांधतात तिथे मागे तुम्ही आलात, माझ्या कपाळाला हात लावलात, आणि इकडेतिकडे बघितलंत. काहीतरी चोरल्यासारखं. मी रडायची थांबेना म्हणून मग नदीची नावं सांगत बसलात. पाच भाषांत. पाचवी संस्कृत होती आणि मला वाटतं ती तुम्ही तिथल्या तिथे तयार केली होती.

निबंधात तेच लिहिलंय. चूक झाली हे कबूल. पण चूक निबंधात आहे की अर्जात, हे मला ठरवता येत नाही.

भाषांतराची थाप मारून मी जाणार नाही. खरं लिहायचं तर सही आईची लागणार, आणि तिला सांगावं लागणार. हे मी एकटीनं सांगायचं नाही. तुम्ही या.

जिबेक

*

बिश्केक, ५ ऑगस्ट

चि. जिबेक,

पत्र वहिनीनं आधी वाचलं. वाचून ती स्वयंपाकघरात गेली आणि तासभर भांडी घासत होती. भांडी आधीच घासलेली होती.

भाषांतरकाराची माफी मागितली. संस्कृत नाव मी तिथल्या तिथे तयार केलं होतं हा आरोप मान्य.

खुलाशाचा मसुदा केलाय तो असा:

‘महोदया, आमच्याकडे पहिलं मूल आजी-आजोबांना देण्याची रीत आहे. त्यात गरिबी नसते, भांडण नसतं, न्यायालय नसतं. मुलगा शिकून शहरात जातो, म्हातारी माणसं मागे राहतात. त्यांचं घर रिकामं होऊ नये म्हणून मूल त्यांचं होतं. ते आजी-आजोबांना आई-बाबा म्हणतं आणि जन्म देणाऱ्यांना दादा-वहिनी. १९८६ साली मी आणि माझी पत्नी गुल्शायर चाळीस दिवसांची मुलगी माझ्या आईच्या मांडीवर ठेवून लेनिनग्राडला शिकायला परत गेलो. गावच्या नोंदणी कार्यालयातली बाई माझ्या वडिलांची चुलतबहीण होती. घरात जे होतं तेच तिनं कागदावर लिहिलं. अर्जात लिहिलेलं कायद्यानं खरं आहे. निबंधात लिहिलेलं...’

इथे मी तीन दिवस अडकलोय. ‘रक्तानं खरं’ म्हटलं तर दवाखान्याचा कागद वाटतो. ‘भावनेनं’ म्हटलं तर बाई मला कवी समजतील. मी लेनिनग्राडहून संस्कृत शिकून आलो तेव्हा बाबांनी विचारलं होतं, ही भाषा बोलतं कोण? मी म्हटलं, आता कोणी नाही. ‘मग बरं आहे,’ म्हणाले, ‘घरात भांडणं होत नसतील.’ तशा एखाद्या भाषेत हे वाक्य होत असेल तर बघतो.

आता येण्याचं. प्रवेशपरीक्षा चालू आहेत आणि गुडघा सुजलाय. मला जमणार नाही. जबाबाचा कागद सोबत आहे. आईला सांग, पेन्शनचा आहे. गावात नोटरी चौदा तारखेला येतो, तेवढ्यापुरती तिला खाली ने. यात लबाडी आहे असं मनात आणू नकोस. बाबा गेले तेव्हा मला फोनवर काय सांगितलं होतं, आठवतं? ‘बाबांना जरा बरं नाही, ये.’ सबंध वाटेत मी औषधांची नावं आठवत होतो. दारात शोक करणाऱ्या पुरुषांची रांग उभी दिसली तेव्हा समजलं. आपल्याकडे अशा गोष्टी तोंडावर सांगत नाहीत, आणि त्यात दयाच असते. आईवरही तेवढी दया करू.

दादा

*

सोन-कुल, ९ ऑगस्ट

ती. दादांना,

पेन्शनचा कागद आईसमोर ठेवला. तिनं चष्मा लावला, ओठ हलवत सगळा वाचला आणि म्हणाली, “माझ्या पेन्शनीत तुझं नाव कशाला? आणि दूतावास मला पेन्शन कधीपासून द्यायला लागला?”

मग मी सगळं सांगितलं. तुमचा मसुदाही वाचून दाखवला. ती लोणी घुसळत होती, घुसळायची थांबली नाही.

“चाळीस दिवसांची नव्हतीस,” म्हणाली. “त्रेचाळीस. गाडी तीन वेळा येऊन परत गेली. गुल्शायर तुझ्याजवळून उठेचना.”

मग थोड्या वेळानं, “आणि मी चौपन्नची कुठली? बावन्नची. युद्धात सामूहिक शेतावर कामाला घ्यावं म्हणून आमच्या बापानं माझं वय दोन वर्षांनी वाढवून लिहिलं.”

दादा, हे मात्र दूतावासाला कृपा करून कळवू नका.

मी म्हटलं, “मग सही करशील ना?”

“करीन की. पण मेदेरबेकनं तुला दिलं ते तोंडानं दिलं. तिथे बसला होता, चुलीच्या पलीकडे. ‘आई, ही तुझी,’ म्हणाला. कागद नव्हता तेव्हा. आता परत न्यायची तर मिर्झाकुलच्या गाडीतून चिठ्ठी पाठवतो? लोणी मागवतात तशी? येऊ दे त्याला. तोंडानं मागू दे.”

“आई, परत कोण मागतंय?”

“बघू,” म्हणाली. त्यानंतर संध्याकाळभर खोकत होती. मी पाठीवर हात ठेवला तर म्हणाली, धूर लागला. चूल विझलेली होती.

अठरा तारखेला नऊ दिवस आहेत. गुडघा बरा करा.

जिबेक

*

सोन-कुल, २२ ऑगस्ट

ती. दादांना सा. न.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी कागद पोचवलेत, हे मिर्झाकुलनं सांगितलं. तुम्ही येऊन गेलात त्याला आठ दिवस झाले. त्या दिवशी तुम्ही तीन वाट्या कुमीस पिईपर्यंत पावसावर, घोड्यांवर आणि नव्या रस्त्यावर बोललात. मी दारापाशी उभी होते, माझा जीव जात होता. मग तुम्ही म्हणालात, “आई, एक सही हवी होती.” “कशासाठी?” “माझ्या मुलीसाठी.” एवढंच म्हणालात आणि वाटीत बघायला लागलात. आई म्हणाली, “झालं? मला वाटलं भाषण करशील. एवढा शिकलेला.” तेव्हा आपण तिघंही हसलो, आणि दुपारी गावात उतरून तिनं नोटरीसमोर सही केली. मला वाटलं, सुटलो.

सुटलो नाही. आम्हाला परत वर सोडून तुमची गाडी वळणाआड गेली, तशी ती शेजारणीला म्हणाली, “मेदेरबेकच्या मुलीला जरा हाक मार, पाणी आणायचंय.” मी समोर उभी होते. तेव्हापासून हेच. वहिनीनं पाठवलेला चहा काढताना म्हणते, “तुझ्या आईनं पाठवलाय.” माझी रजई बांधून वेगळी ठेवली. परवा कुरुत भरताना स्वतःशीच हिशोब करत होती, हिवाळ्यात गावच्या घरातल्या दोन खोल्या बंद करीन, एक पुरेल, लाकूड कमी लागेल. मी म्हटलं, “आई, अशी का बोलतेस?” तर म्हणाली, “आजी म्हण. कागदावर सही केली आहे मी.”

ती रागावली आहे का? मला तिचा राग ओळखता येतो, हा तो नाही.

मी तुम्हाला बाबा म्हणावं असं तुम्हाला वाटत असेल. मला जमत नाही, तोंडात दादाच येतं. आणि ती स्वतःला आजी म्हणायला सांगते, तर तेही जमत नाही. एका खऱ्या वाक्यापायी माझी आई गेली असं व्हायला नको होतं.

शिक्का मिळाला तर मी जाऊ का? परीक्षा, गुडघा, हवा, असलं काही लिहू नका. खरं सांगा.

जिबेक

*

बिश्केक, १४ सप्टेंबर

चि. जिबेक हिस,

स्टेपलर विभागात रुजू झाला. निघताना आईनं तो माझ्या खिशात कोंबला होता, ‘चोरीचा माल’ म्हणून. त्याला कुरुताचा वास येतो आणि कुलगुरूंकडे गेलेला प्रत्येक कागद खारट लागतो अशी माझी समजूत आहे. ही क्षेमवार्ता संपली.

शिक्का मिळाला. तुझा पासपोर्ट माझ्यापुढे आहे. फोटोत तू अशी बघते आहेस की मीच व्हिसा नाकारलाय. तिकीट तीन ऑक्टोबरचं आहे.

खुलाशातलं ते अर्धं वाक्य दूतावासाच्या दारात उभं राहून पुरं केलं. ‘निबंधात लिहिलेलं खरं आहे,’ एवढंच. बाईंनी वाचलं, आईची सही बघितली, माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. शेजारच्या टेबलावरचा तो शिक्केवाला मला जिन्यापर्यंत पोचवायला आला. हळूच म्हणाला, “मास्तर, मीपण आजीकडचाच.” आणि परत आत गेला.

आता तुझा प्रश्न. आई रागावलेली नाही. त्या दिवशी घोडे बांधतात तिथे तिनं मला मागे बोलावलं होतं. म्हणाली, “मी तिची आई राहिले तर ती जायची नाही. आजीला सोडून जाता येतं.” हे तुला सांगायचं नाही असं तिनं बजावलं होतं. बावीस वर्षं मी न सांगायचं ते कधी सांगितलं नाही. आज पहिल्यांदा सांगतोय. तिनं तुला टाकलं नाही, तुझी दोरी सोडली आहे. तू तिला आईच म्हण. ती रागवेल. म्हण.

गुल्शायर या हिवाळ्यात गावी जाऊन राहते म्हणाली. आईनं निरोप पाठवला, सून म्हणून येणार असशील तर ये, राखण करायला येऊ नको. ती जाणार आहे. मी पंधरा दिवसांनी एकदा जाईन. एक खोली बंद करू, दोन नाही.

तेव्हा जा. हे मी खरंच सांगतो. तू गेली नाहीस तर आईनं हे सगळं उगाच केलं असं होईल.

पण तू खरं विचारलंस म्हणून बाकीचंही लिहितो. खाली सही काय म्हणून करावी हे ठरेना, तेव्हा सही करणारच नाही. मला तुझ्या परदेशाची काळजी नाही. तू परत येशील का, याचीही फारशी नाही. आम्ही तुला आईच्या मांडीवर ठेवलं ते म्हातारपणी तिचं घर रिकामं राहू नये म्हणून. आता ती म्हातारी झाली, आणि मीच तुला तिथून उठवून विमानात बसवतोय. तिचा खोकला उन्हाळ्याचा नाही. तिथे कुरणावर मी तो ऐकला. तिला डॉक्टरकडे नेतो म्हटलं तर ती हसली. द्रेस्डेनमध्ये तुझ्या दारात उभं राहायला आपली माणसं नसतील. मला भीती एकाच गोष्टीची वाटते, की या हिवाळ्यात एखाद्या दिवशी मला तुला फोन करावा लागेल, आणि इतकं सगळं खरं लिहून झाल्यावरही माझ्या तोंडून निघेल ते एवढंच: आईला जरा बरं नाही, ये.